खानदेशातील वसंत : कवितेतला आणि बागेतला

जळगाव शहरात काव्यरत्नावली नावाचा एक चौक आहे. त्या चौकातून नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, हे नाव एका मासिकाचे आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ पासून १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक याच गावातून चालविले. केशवसुतांसारख्या कवीच्या कविता त्या मासिकातून महाराष्ट्रापुढे आल्या. आज या चौकाजवळच 'भाऊंचे उद्यान' आहे आणि सकाळ-संध्याकाळ तेथे फिरावयास येणाऱ्यांची बरीच गर्दी असते. कविता आणि बाग अशा एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या आहेत. या शेजारणींचे एकमेकींशी बोलणे मात्र कितपत आहे, असा प्रश्न पडतो. मराठी साहित्यात वसंत पुष्कळ आहे आणि खानदेशच्या शहरी बागांतूनही तो दर वर्षी येतो. हे दोन्ही वसंत एकच आहेत काय?

प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. १९०७ मध्ये जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्या संमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ही गोष्ट शालेय पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचलेली असते. ते अध्यक्ष कोण होते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. कर्नल डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे कवितेत रमणारे गृहस्थ होते हे खरेच. पण त्यांचे खरे नाव झाले ते वनस्पतिशास्त्रात. मुंबई परिसरातील विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून दीर्घ लेखमाला लिहिली, आणि मेजर बामनदास बसू यांच्या सहकार्याने सिद्ध केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा भारतीय औषधी वनस्पतींवरील त्यांचा महाग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाडाच्या पानाचे देठ, शिरा, केसर यांची नोंद करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने फुलांच्या कवीला नाव द्यावे, हा योग मोठा सूचक होता. त्या योगाचे पुढे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. खानदेशचा वसंत मराठी लेखणीने फार थोड्या वेळा प्रत्यक्ष पाहिला. ज्यांनी पाहिला त्यांनी तो शेतात राबताना किंवा पायी हिंडताना पाहिला. बाकीच्यांनी तो पुस्तकांतून उचलला, आणि पुस्तकांतील वसंत दुसऱ्या कुठल्या तरी हवेतला आहे.

आपला साहित्यिक वसंत ठरीव आहे. आंब्याला मोहर येतो, त्यावर भुंगे रुंजी घालतात, कोकीळ कूजन करू लागतो, मलयगिरीवरून मंद वारा येतो आणि सारी सृष्टी हिरवी शालू नेसते. ही सामग्री संस्कृत काव्यातून आली आणि पिढ्यान् पिढ्या हातोहात पुढे गेली. गुढीपाडव्याच्या सुमारास निघणारा कोणताही विशेषांक उघडावा, तीत फारसा फरक दिसत नाही. आता ही सामग्री घेऊन चैत्रातल्या एखाद्या सकाळी मेहरूण तलावाच्या काठाने किंवा धुळ्यास पांझरेच्या कडेने चालत जावे. आंब्याचा मोहर खानदेशात पौष-माघात येतो. चैत्र लागेपर्यंत त्याच्या कैऱ्या झालेल्या असतात आणि मुलांचे दगड त्यांना लागू लागलेले असतात. मलयानिलाचे म्हणाल, तर सकाळी नऊनंतर जो वारा सुटतो त्याला मंद म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४४-४५ अंशांपर्यंत जातो. आणि हिरवा शालू? जमिनीवरचे गवत तोवर वाळून पिवळे, क्वचित पांढुरके झालेले असते. ठरीव वसंतापैकी हजर असतो तो एक कोकीळ.

पण म्हणून खानदेशात वसंत नाही, असे मात्र नाही. तो जमिनीवर नसतो, माथ्यावर असतो. पाणी नसताना, उन्हाचा तडाखा वाढत असताना, झाडे जुनी पाने टाकतात आणि पाऊस येण्याच्या कितीतरी आधी, मुळांशी साठलेल्या ओलाव्याच्या बळावर नवी पाने काढतात. पिंपळाची पालवी तांबूस, तकतकीत आणि इतकी मऊ असते की, वाऱ्याने ती सळसळत नाही, नुसती हलते. सळसळ पुढे पान जून झाल्यावर येते. कडुनिंबाखाली फाल्गुनात पिवळ्या पानांचा सडा पडतो आणि त्याच झाडाच्या शेंड्यांना तांब्याच्या रंगाचे कोंब फुटलेले असतात. पंधरवड्यात त्यातून बारीक पांढरा फुलोरा बाहेर पडतो. त्याचा गंध दुपारी जाणवत नाही. सूर्य मावळला की साऱ्या गल्लीत पसरतो. करंजाची नवी पाने तर उन्हात ओली असल्यासारखी चमकतात. शहराबाहेर पडले की पळस आणि काटेसावर पेटलेल्या असतात, त्याही एका पानाचा आधार न घेता. अजिंठ्याच्या रस्त्याने किंवा सातपुड्याच्या पायथ्याने प्रवास केलेल्यांना हे दृश्य परिचयाचे आहे.

या माथ्यावरच्या वसंताला पक्षी बरोबर ओळखतात. शिंजीर नर हिवाळ्यातला मळकट पोशाख टाकून निळा-जांभळा चमकू लागतो. वर्षातले कित्येक महिने मुकाट असलेला दयाळ पहाटे तारेवर किंवा गच्चीच्या कठड्यावर बसून गाऊ लागतो, आणि त्याचे गाणे कोकिळाच्या गाण्यापेक्षा किती तरी अधिक रचनेचे असते. तांबट भर दुपारी, बाकी सारे पक्षी गप्प झाल्यावर, भांडी घडवीत असल्यासारखा एका लयीत टुकटुकत राहतो. पळस-पांगाऱ्यावर भोरडीचे थवे उतरतात. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना शेतकऱ्याला ज्वारीवरची चोर म्हणून माहीत आहे. काही लोक तिला पळसमैना म्हणतात. फुलांतला रस पिऊन ती एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडे परत जाते, कारण तिची घरटी तिकडे असतात. म्हणजे आपल्याकडचा वसंत तिच्या दृष्टीने प्रवासाची शिदोरी आहे. वसंतातील पक्षी म्हणून कोकिळावर जेवढी शाई मराठीत खर्ची पडली, तिचा शतांशही भोरडीच्या वाट्याला आला असेल असे वाटत नाही.

आपल्या वाचकांना या विसंगतीची जाणीव आणखी एका बाजूने आहे. ईस्टरचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांमध्येच येतो. घरोघरी येणाऱ्या शुभेच्छापत्रांवर मात्र लिलीची फुले, कोवळे गवत आणि सशाची पिले असतात. हा युरोपचा वसंत होय. खानदेशातल्या माणसाने त्या आठवड्यात मान वर करून पाहिले तर त्याला कडुनिंबाचा फुलोरा दिसेल. एका बाजूने संस्कृताचा आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजीचा, असे दोन उसने वसंत वापरीत आपण मराठी माणसे बसलो आहोत.

या दुहेरी उसनवारीत बालकवी कोठे बसतात? ठोमरे काही काळ अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये या घरच्या मुलासारख्या झालेल्या, हट्टी आणि लाघवी ठोमऱ्यांचे जे दर्शन घडते ते विसरता येण्यासारखे नाही. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. परंतु 'वनवासी फूल' या काव्यात टिळक फुलाशी संवाद करतात. त्यांना फुलाकडून काही जाणून घ्यावयाचे असते, फुलाला काही सांगावयाचे असते. बालकवींना फुलाकडून काही नको आहे. त्यांना फूल पाहून जो आनंद होतो तोच त्यांच्या कवितेचा विषय. या अर्थी शिष्य गुरूच्या पुढे गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण पाहून म्हणजे काय पाहून? 'फुलराणी' ही त्यांची सर्वांत लाडकी कविता. ही राणी कोणते फूल आहे, हे कवी सांगत नाही. ती गवताच्या मखमालीवर खेळते. सूर्यकिरणाशी तिचा विवाह होतो, त्यात कोकीळ गातो, झरे वाजतात आणि भारद्वाज नाचतात. या वरातीवर कोणी शास्त्रीय आक्षेप घेणार असेल तर त्याने आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आज आपण ज्याला भारद्वाज म्हणतो तो तांबड्या डोळ्यांचा, विटकरी पंखांचा, झुडपांतून दबकत चालणारा पक्षी आहे. त्याला नाचताना कोणी पाहिले नसेल. संस्कृत कोशांत मात्र भरद्वाज या शब्दाचा अर्थ चंडोल असा दिलेला आढळतो. चंडोल हा उंच उडत गाणारा, माळावरचा पक्षी. इंग्रजी कवितेतही तो पुष्कळ आहे. बालकवींच्या वरातीत चंडोल असावा असे मला वाटते, आणि तसे असेल तर संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही उसन्या वसंतांची गाठ एका शब्दात पडली आहे. उरली हिरवळ. ओले गवत, वाहते झरे आणि गाणारा कोकीळ ही त्रयी खानदेशात एकत्र मिळते ती आषाढात. चैत्रात ती मिळत नाही. फुलराणीचे लग्न पंचांगातल्या वसंतात लागलेले नाही.

आणि येथेच बालकवींची खरी बाजू दिसू लागते. त्यांची सर्वांच्या ओठी असलेली ऋतूची कविता कोणती? 'श्रावणमास'. खानदेशच्या मुलाने ऋतूंचा राजा म्हणून वसंताला न निवडता श्रावणाला निवडले, यात त्याच्या डोळ्यांची प्रामाणिकता आहे. ज्या मुलखात आठ महिने जमीन तापते तेथे हर्षाचा महिना श्रावणच असणार. त्या कवितेतही परंपरेने आपला हात घातलाच आहे. सोनचाफा, केवडा, पारिजात ही तीन फुले तेथे येतात. त्यांपैकी केवडा हा मुळात समुद्रकाठचा आणि दलदलीचा, तापीच्या काठचा नव्हे. तो केवड्याच्या झाडापेक्षा पूजेच्या ताटातून कवितेत आला असावा. परंतु ऊन-पावसाचा जो पाठशिवणीचा खेळ त्या कवितेत आहे तो पाहिलेला आहे, वाचलेला नाही.

बालकवी जेव्हा झाडाचे नाव घेतात तेव्हा काय होते, हे 'औदुंबर' सांगते. अवघ्या आठ ओळींची कविता. झरा, टेकडीपलीकडचे गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि त्या डोहाशी पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर. या शेवटच्या चित्राचा अर्थ लावण्यात समीक्षकांनी बरीच पाने खर्च केली आहेत. एक साधी गोष्ट मात्र सांगण्याची राहून जाते. उंबर हा खरोखरच ओढ्याकाठचा वृक्ष आहे. त्याची मुळे पाण्याकडे जातात, आणि काठ खचला की ती उघडी पडून पाण्यात लोंबतात. कवीची प्रतिमा वनस्पतीच्या स्वभावातून आली आहे. म्हणून ती कितीही अर्थ सहन करते. असेच 'पारवा'चे. पडक्या धर्मशाळेच्या कौलावर बसलेला, एकटाच घुमणारा हा पक्षी गावातला, माणसाच्या घराच्या आश्रयाने राहणारा पक्षी आहे. त्या कवितेतील खिन्नता खोटी वाटत नाही, कारण पारव्याचे घुमणे तसेच असते. फुलराणीचे नाव नसलेले फूल मला सुंदर वाटते. औदुंबर आणि पारवा यांच्यावर माझा विश्वास बसतो. ५ मे १९१८ रोजी, उन्हाळ्यात, जळगावजवळ भादली स्टेशनात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. नावांनिशी पाहण्याची जी वाट त्यांना 'औदुंबर'मध्ये सापडली होती, ती पुढे चालण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

त्याच तालुक्यांच्या मातीत दुसरी एक व्यक्ती तेव्हा ती वाट चालतच होती, पण कोणाला ठाऊक नव्हते. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरी बालकवींपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काव्यरत्नावलीचा अंक त्यांच्या गावात छापला जात होता, पण त्यांच्यासाठी तो नव्हता. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले, आणि कवी असलेल्या त्यांच्या पुत्राने, सोपानदेवांनी, जपून ठेवलेली त्यांची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. गेली सत्तर वर्षे आपण त्यांच्यातले तत्त्वज्ञान वाखाणतो आहोत. त्यांची नजर वाखाणावयाची बरीच राहिली आहे, असे माझे मत आहे.

एकच उदाहरण पाहू. वडाला लाल फळे लागतात तेव्हा बहिणाबाईंना हिरवी पाने म्हणजे पोपटांची अंगे आणि लाल फळे म्हणजे त्यांच्या चोची वाटतात. झाडाला पोपटांचेच पीक आले आहे, असे त्या म्हणतात. आता संस्कृताकडे वळा. पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात, आणि हा पोपट तर नव्हे, अशी त्या शब्दाची फोड परंपरेने केली जाते. कारण पळसाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी व लाल असते. पंडितांनी पळसात पोपट पाहिला, बहिणाबाईंनी वडात. संस्कृताचा एक शब्दही न वाचता त्या त्याच जातीच्या प्रतिमेपर्यंत आल्या, आणि माझ्या मते त्यांची प्रतिमा अधिक पूर्ण आहे. पळस फुलतो तेव्हा त्याला पाने नसतात. तेथे चोच आहे, पण पोपटाचे हिरवे अंग नाही. वडाला पाने आणि फळे एकाच वेळी असतात. शिवाय त्या फळांवर खरे पोपट येऊन बसतात, हे वडाखाली पाच मिनिटे उभे राहणाऱ्या कोणालाही दिसेल. खाणारा आणि खाल्ले जाणारे यांचे रूप एक झाले आहे. ही प्रतिमा खोलीत बसून सुचणारी नव्हे.

कडुनिंबाचेही तसेच. फुलोरा, हिरवी कडू निंबोळी आणि पिकून गोड झालेली पिवळी निंबोळी हा चैत्रापासून आषाढापर्यंतचा प्रवास बहिणाबाई एका बोलण्याच्या स्वभावासारखा मांडतात. आपण त्यातला उपदेश घेतो आणि झाड विसरतो. पण निंबोळी पिकून गोड होते, हे ज्याने चाखले आहे त्यालाच ती उपमा सुचते. तो काळ संपेपर्यंत झाडाकडे परत परत जावे लागते.

सुगरणीच्या खोप्याबद्दल मात्र एक आक्षेप हल्ली पक्षिमित्रांकडून ऐकू येतो. कवितेत पिलांसाठी झाडाला झोका टांगणारी माता आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. सलीम अली यांनी किहीमच्या किनाऱ्यावर या पक्ष्याचा अभ्यास करून १९३१ मध्ये तो प्रसिद्ध केला. नर अर्धवट खोपा विणतो, माद्या येऊन त्याची पाहणी करतात, पसंत पडला तर एखादी त्यात राहते आणि मग नर खोपा पुरा करून दुसरा विणावयास घेतो, असा तो प्रकार आहे. मग बहिणाबाई चुकल्या काय? मला वाटते, हा निर्णय त्यांच्या आधी मराठी भाषेने करून ठेवला होता. या पक्ष्याचे नावच सुगरण. जी उत्तम रांधते ती सुगरण, या शब्दाला मराठीत पुल्लिंग रूप रूढ नाही. कौशल्याने घर उभारणारी ती बाईच, हा आपल्या समाजाचा अनुभव पक्ष्याच्या नावात जाऊन बसला आणि कवितेत त्याने अर्थ घेतला. पण ज्या गोष्टी डोळ्यांनी ठरवावयाच्या होत्या, म्हणजे फांदीच्या टोकाला लोंबणारा झोका, चोचीखेरीज दुसरे हत्यार नसणे, विणीचा पीळ, त्या साऱ्या बिनचूक आहेत. आक्षेप घेणाऱ्यांनी पक्षी पाहिला आहे हे चांगलेच. त्यांनी आता कविताही पाहावी. ही कविता शाळांतून वसंताच्या प्रकल्पांत वापरलेली दिसते, तेवढे मात्र टाळावे. खोप्याचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो. चैत्रात बाभळीला दिसतात ते गेल्या वर्षीचे, वाळून गेलेले खोपे.

बहिणाबाई शेतात राबत होत्या. आज त्यांच्याच जळगावात शेत न पाहिलेली मुले वाढत आहेत, आणि त्यांच्या वाट्याला येते ती बाग. शहरातल्या माणसाने ऋतू कसा पाहावा, याचा धडा मराठीत दुर्गाबाई भागवतांनी घालून दिला. 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये आले. बारा महिन्यांचे बारा लेख, आणि त्यांतला पहिला 'वसंतहृदय चैत्र'. या पुस्तकाचे मोठेपण असे की, लेखिका वसंत शोधण्यासाठी अरण्यात जात नाही. मुंबईसारख्या शहरात जी झाडे दृष्टीस पडतात, त्यांच्याकडेच ती महिन्यामागून महिना पाहत राहते. त्यामुळे चैत्रातला रंग हा फुलांपेक्षा पालवीचा आहे, हे तिला दिसते. संस्कृत काव्य तिला तोंडपाठ आहे, पण ते ती डोळ्यांपुढे धरीत नाही, डोळ्यांमागे ठेवते. क्वचित विद्वत्ता जड होते आणि वाक्य झाडापेक्षा संदर्भाकडे झुकते, हा दोष मला त्या पुस्तकात जाणवतो. तो सौम्य आहे. पुढे डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या 'वृक्षगान'सारख्या पुस्तकांनी शहरी वृक्षांचे हे लेखन पुढे नेले, आणि मारुती चितमपल्लींनी आपल्या 'पक्षिकोशा'त पक्ष्यांची नावे गोळा करून लेखकांच्या हाती शब्दांचे भांडारच दिले. २०२५ मध्ये चितमपल्ली गेले; ते भांडार मात्र अजून पुरते वापरले गेलेले नाही.

खानदेशातल्या हौशी ललितलेखकांनी 'ऋतुचक्र' वाचले, यात शंका नाही. दुर्दैवाने त्यांनी त्यातली पद्धत न घेता त्यातला मजकूर घेतला. मुंबईची हवा समुद्राची, दमट; तेथला वैशाख घामाचा. खानदेशचा वैशाख कोरडा, भाजणारा, आणि दुपारी रस्ते ओस पाडणारा. दोहोंची झाडे काही अंशी तीच असली तरी त्यांची वेळ आणि त्यांची वागणूक तीच असेल असे नाही. दुर्गाबाईंचे अनुकरण करावयाचे तर त्यांचे शब्द बाजूला ठेवून जळगावच्या किंवा धुळ्याच्या एका झाडाकडे वर्षभर पाहिले पाहिजे.

आता बागांचे. समीक्षकाने पुस्तकांखेरीज बागांचीही समीक्षा करण्यास हरकत नसावी. बाग ही देखील कोणी तरी केलेली रचना आहे. शहरांतल्या बहुतेक उद्यानांच्या रचनाकारांना ठरीव वसंतच हवा असतो. म्हणून हिरवळ लावतात आणि तिला उन्हाळाभर पाणी घालून तिच्याकडून श्रावणाचा अभिनय करवून घेतात. कडेने गुलमोहर असतो. गुलमोहराविषयी माझी काही तक्रार नाही. मादागास्करहून आलेले हे झाड एप्रिल-मे महिन्यांत डोळ्यांचे पारणे फेडते, आणि मराठी कवितेत ते आता घरचे झाले आहे. पण त्याच्याच जोडीला फुलणारा बहावा इथला आहे, शिरीष इथला आहे. शिरिषाची फुले संस्कृत कवींना नाजूकपणाचे परिमाण वाटत. आज त्याच्या सावलीत गाडी लावणाऱ्याला वर काय फुलले आहे याची कल्पना नसते. वाळलेली पाने झाडून जाळून टाकणे हा तर बागेच्या नीटनेटकेपणाचा भाग समजला जातो. ती तशीच राहू दिली तर त्यांत किडे राहतात आणि किड्यांसाठी दयाळ खाली उतरतो, हे बागेच्या कारभाऱ्यांना कोणी तरी सांगावयास हवे. त्या दृष्टीने जळगावच्या वेशीवर वनखात्याने राखलेले लांडोरखोरी हे वनउद्यान मला अधिक बोलके वाटते. त्याच्या नावातच एक पक्षी आणि एक भूरूप आहे. असे नाव समिती नेमून सुचत नाही. ते लोकांच्या तोंडून आलेले असते.

नावांचा हा मुद्दा अखेर साहित्याचाच आहे. मेहरूण म्हटले की जुन्या माणसांना तलावाआधी तिथली बोरे आठवतात. 'मेहरूण' ही बोराची जात दूरवर प्रसिद्ध आहे. म्हणजे एका गावाचे नाव फळाला मिळाले. भाषा आणि माती यांचा असा व्यवहार जोवर चालू असतो तोवर लेखकाला शब्दांची उणीव पडत नाही. बागेत फिरणाऱ्या मुलाला पांगारा कोणता आणि काटेसावर कोणती हे ठाऊक नसेल, तर पुढे त्याच्या वाचनात हे शब्द आले तरी त्यांच्या मागे काहीच उभे राहणार नाही. बहिणाबाईंचा वड त्याला धड्यातला वड वाटेल. आजच्या पालकांना ही किरकोळ गोष्ट वाटण्याचा संभव आहे. परंतु कविता कळणे ज्या गोष्टींवर अवलंबून असते त्यांत झाडाची ओळख ही व्याकरणाच्या ओळखीइतकीच महत्त्वाची आहे, असे मी मानतो.

धुळ्याविषयी या लेखात फार थोडे आले, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्याचे कारण साहित्यात आहे. धुळ्याने इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंदिर उभारले, जुनी दप्तरे सांभाळली; त्या शहराची कीर्ती कागदपत्रांची. त्याच्या झाडांना अजून त्यांचा लेखक भेटलेला नाही. आणि खानदेशचे म्हणून जर एक झाड निवडावयाचे असेल तर ते धुळ्याकडच्या टेकड्यांवरचे अंजन निवडावे लागेल. नकाणे तलावाकडे फिरावयास जाणाऱ्यांना किंवा मुंबई-आग्रा रस्त्याने लळिंगचा किल्ला ओलांडणाऱ्यांना ते दिसत असते. उथळ, खडकाळ जमिनीत, जेथे दुसरे झाड तग धरीत नाही तेथे, ते उंच वाढते. त्याचे लाकूड अतिशय जड आणि कठीण. पान मात्र फुलपाखराने पंख उघडावेत तसे, दोन दळांचे, एका देठावर जुळलेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पाने टाकते आणि चैत्र-वैशाखात लालसर पालवी घेऊन उभे राहते. संस्कृत काव्यातील वसंताच्या यादीत त्याला जागा नाही आणि इंग्रजी कवितेत ते असण्याचे कारण नाही. त्याच्यावर लिहावयास बसणाऱ्याला कोणाकडून काही उसने घेता येणार नाही. त्याने सकाळी सहाला घरून निघून, ऊन चढण्यापूर्वी लळिंगच्या कुरणात पोहोचलेले बरे.